वाचलं, पण कळलं का?

आरोग्यविषयक पत्रकांची आपल्याकडे वाण नाही. दवाखान्याच्या भिंती त्यांनी भरलेल्या असतात, शाळेत त्यांचे गठ्ठे येतात, मुले ती दप्तरात घालून घरी नेतात. ती पुढे वाचली जातात का, वाचली तर कळतात का आणि कळली तर त्यांप्रमाणे कोणी वागते का, हे मात्र फारसे कोणी पाहत नाही. आम्हीही काही वर्षांपूर्वी असे एक पत्रक केले होते. ते का फसले आणि त्यातून आम्ही काय शिकलो, ते शिक्षक-मित्रांना सांगावे म्हणून हा लेख.

भिंतीवरचा कागद

पावसाळ्याचे दिवस होते. गावात जुलाबाची साथ होती. आम्ही काही शिक्षकांनी एका डॉक्टर मित्राच्या मदतीने एक पत्रक लिहिले, सायक्लोस्टाइलसारखे साधेच छापून घेतले आणि पाचवी ते सातवीच्या मुलांबरोबर घरोघर पाठवले. पत्रकाचे शीर्षक होते ‘अतिसार व जलशुष्कता : प्रतिबंध आणि उपाययोजना’.

आठवड्याभराने सातवीतल्या एका मुलीचा दीड वर्षाचा भाऊ तालुक्याच्या दवाखान्यात दाखल झाल्याचे कळले. दोन दिवस जुलाब होत होते. डोळे खोल गेले होते, मूल मान टाकत होते. सलाईन लावावी लागली. मूल वाचले, पण डॉक्टर म्हणाले, की आणखी काही तास गेले असते तर सांगता आले नसते.

आम्ही त्यांच्या घरी गेलो. आमचे पत्रक भिंतीवर, कॅलेंडरच्या शेजारी, नीट चिकटवलेले होते. मुलीने ते घरात मोठ्याने वाचूनही दाखवले होते. आजी म्हणाल्या, “वाचला की हो गुरुजी कागद. पण तो त्या कसल्याशा मोठ्या रोगाचा होता. आमच्या बाळाला नुसती हगवण लागली होती. टाळू पडली होती, म्हणून मी तेल भरत होते. आणि पाणी बंदच ठेवलं होतं. पाणी दिलं की जुलाब वाढतात ना!”

त्या आजींनी नातवाला प्रेमापोटीच तहानलेला ठेवला होता. त्यांच्या बोलण्यात निष्काळजीपणा कुठेच नव्हता. चूक आमच्या कागदाची होती. ‘अतिसार’ म्हणजेच आपल्या घरातली ‘हगवण’, हे त्याने सांगितले नव्हते. ‘जलशुष्कता’ म्हणजेच ती खोल गेलेली टाळू, हेही सांगितले नव्हते. आणि ‘पाणी दिले की जुलाब वाढतात’ ही जी पक्की समजूत घरात होती, तिच्याबद्दल तर त्यात एक अक्षरही नव्हते.

अक्षर-ओळख आणि अर्थ-ओळख

२०११च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रातील साक्षरतेचे प्रमाण ८२ टक्क्यांच्या थोडे वर होते. स्त्रियांमध्ये ते सुमारे ७६ टक्के होते. म्हणजे बहुतेक घरांत वाचणारे कोणीतरी आहे. पण साक्षर असणे आणि आरोग्याची सूचना वाचून तिच्याप्रमाणे वागता येणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत.

हे केवळ आपल्याकडेच घडते असे नाही. अमेरिकेतील तीन राज्यांतल्या दवाखान्यांमध्ये ३९५ रुग्णांचा एक अभ्यास करण्यात आला. तो २००६ साली प्रसिद्ध झाला. औषधाच्या बाटलीवर लिहिले होते, ‘दोन गोळ्या दिवसातून दोन वेळा तोंडावाटे घ्या’. ज्यांचे वाचन कच्चे होते अशा रुग्णांपैकी सुमारे ७१ टक्के लोकांनी ही सूचना बरोबर वाचून सांगितली. मग त्यांना म्हटले गेले, ‘आता दिवसभरात किती गोळ्या घ्याल त्या मोजून दाखवा.’ बरोबर चार गोळ्या दाखवणारे निघाले फक्त ३५ टक्के! वाक्य वाचून झाले होते, पण वाक्यातून कृतीकडे जाणारी वाट अर्ध्या लोकांना सापडली नव्हती.

आपण वर्गात हे रोज पाहतो. मूल धडा खडाखडा वाचते आणि ‘काय सांगितलंय यात?’ असे विचारले की गप्प बसते. फरक इतकाच, की धडा न कळल्यास गुण जातात. औषधाची सूचना न कळल्यास जीव जाऊ शकतो.

साधे औषध, अवघड निरोप

जुलाबाचेच उदाहरण पुढे नेऊ, कारण त्यातले औषध अगदी साधे आहे. मीठ, साखर आणि पाणी! ते काम कसे करते ते आधी थोडक्यात पाहू.

जुलाबात शरीरातील पाणी आणि क्षार झपाट्याने बाहेर पडतात. नुसते मीठ-पाणी प्यायले तर आजारी आतडे ते नीट शोषून घेत नाही. पण आतड्याच्या अस्तरातील पेशींवर एक असा ‘दरवाजा’ असतो, की ज्यातून सोडियम आणि ग्लुकोज जोडीनेच आत जातात. रॉबर्ट क्रेन या शास्त्रज्ञाने १९६० साली ही कल्पना मांडली. पटकीसारख्या आजारातही हा दरवाजा बंद पडत नाही. मीठ आणि साखर जोडीने आत शिरली, की त्यांच्या मागोमाग पाणीही आत येते. म्हणून जलसंजीवनीत साखर हवी. ती चवीसाठी नसते. मात्र प्रमाण चुकले तर घोटाळा होतो. साखर फार झाली तर आतड्यात पाणी उलट ओढले जाते व जुलाब वाढतात. मीठ फार झाले तर रक्तातील सोडियम वाढून मेंदूला इजा होऊ शकते.

१९७१ साली बांगलादेशच्या मुक्तियुद्धाच्या वेळी पश्चिम बंगालमधील बनगाव येथे निर्वासितांच्या छावणीत पटकीची साथ आली. शिरेतून द्यायचे सलाईन संपत आले होते. तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-ग्लुकोजचे द्रावण पिंपांत भरून ठेवले आणि रुग्णांच्या नातेवाइकांनाच पेल्याने पाजायला लावले. सुमारे ३० टक्क्यांवर असलेले मृत्यूचे प्रमाण चार टक्क्यांच्याही खाली आले. यातली एक बारीकशी गोष्ट आमच्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे. लोकांचा विश्वास ‘सलाईन’वर होता, नुसते पाणी पिऊन पटकी बरी होईल हे त्यांना पटणे कठीण होते. म्हणून महालनबीसांनी या द्रावणाची ओळख ‘तोंडाने घ्यायचे सलाईन’ अशी करून दिली. ‘एक तरी सलाईन लावा हो डॉक्टर’ हे वाक्य आपल्याही दवाखान्यांत रोज ऐकू येते. लोकांच्या मनात ज्या शब्दाला आधीपासून मान आहे, त्याचाच हात धरून नवी गोष्ट आत नेणे, हे त्या डॉक्टरांना उमगले होते.

एक कोटी वीस लाख घरे

औषध सापडले, आता ते घरोघर कसे न्यायचे? याचे सर्वांत मोठे उदाहरण बांगलादेशातीलच आहे. ‘ब्रॅक’ या संस्थेने १९८० ते १९९० या दहा वर्षांत सुमारे एक कोटी वीस लाख घरांत जाऊन तेथील आयांना घरच्या घरी हे द्रावण करायला शिकवले. पुड्या सगळीकडे पोचणे शक्य नव्हते; पण मीठ आणि गूळ घरोघर होता. म्हणून कृती ठरली ती अशी : अर्धा शेर पाणी, तीन बोटांची चिमूट मीठ आणि मूठभर गूळ. लोक त्याला ‘लोबोन-गुड’ म्हणजे मीठ-गूळ म्हणू लागले.

त्यांनी पत्रके वाटली नाहीत. कार्यकर्ती घरी जाई, लक्षात ठेवायचे दहा मुद्दे (पुढे ते सातच केले) बोलून सांगे आणि मग त्या आईला तिच्याच घरातले मीठ-गूळ घेऊन, तिच्याच हातांनी द्रावण करायला लावी. काही दिवसांनी दुसरीच व्यक्ती काही घरांत जाऊन पाही, की आईला किती मुद्दे आठवतात आणि तिने केलेल्या द्रावणात मिठाचे प्रमाण बरोबर आहे का. कार्यकर्तीचा मोबदला या परीक्षेच्या निकालावर ठरे. किती घरांत गेलात याला किंमत नव्हती. तिथे किती कळले याला होती. आपल्या शिक्षणखात्याने विचार करावा अशीच ही कल्पना आहे!

एवढे करूनही सुरुवातीला एक विचित्र गोष्ट दिसली. आयांना सगळे आठवत होते, द्रावणही बरोबर येत होते. पण मूल आजारी पडल्यावर ते वापरणाऱ्या आया फारच थोड्या होत्या. शोध घेता तीन कारणे सापडली.

पहिले कारण असे, की खुद्द कार्यकर्त्यांचाच या द्रावणावर पुरता विश्वास नव्हता. त्यांना जुलाब झाले की त्या गोळ्या घेत. आपल्याला जे पटलेले नाही ते दुसऱ्याला पटवता येत नाही.

दुसरे कारण, घरातल्या पुरुषांना कोणी विचारलेच नव्हते. पैसे आणि निर्णय त्यांच्या हाती. मग बाजारात, मशिदीत, सभांमध्ये पुरुषांशीही बोलणे सुरू झाले.

तिसरे कारण भाषेचे होते. संस्था ‘डायरिया’साठी द्रावण द्या असे सांगत होती. पण गावातल्या बायकांच्या लेखी जुलाब चार प्रकारचे होते. तान्ह्या बाळाचा दुधामुळे होणारा तो ‘दुध हागा’, अपचनाचा तो ‘अजीर्ण’, आव पडते तो ‘आमाशा’ आणि पाण्यासारखे, पटकीसारखे भयंकर जुलाब तेवढे ‘डायरिया’. त्यामुळे त्या लोबोन-गुड देत ते मुख्यतः शेवटच्या प्रकाराला. उरलेल्या तीन प्रकारांसाठी त्यांचे स्वतःचे उपाय होतेच. शब्द एकच, पण सांगणाऱ्याच्या मनात एक अर्थ आणि ऐकणाऱ्याच्या मनात दुसरा.

आमच्या गावातल्या आजींचे ‘तो कसल्याशा मोठ्या रोगाचा कागद होता’ हे वाक्य आम्हाला इथे आठवले. तीच गोष्ट, केवळ नाव वेगळे.

शब्द कोणाचे घ्यायचे?

आपल्याकडेही एकाच तक्रारीला किती शब्द आहेत पाहा : जुलाब, ढाळ, हगवण, पोट झाडणे, संडास लागणे. ‘अतिसार’ हा शब्द यांतल्या कोणाच्याच तोंडी नाही. तो फक्त छापलेल्या कागदावर राहतो. मूल धापा टाकत असेल, श्वास घेताना पोट उडत असेल तर विदर्भात ‘डब्बा झाला’ असे म्हणतात. तेथे ‘न्यूमोनियाची लक्षणे’ असे शीर्षक दिलेला कागद कोणी आपल्या मुलासाठी वाचणार नाही. गोंडी, कोरकू, भिल्ली बोलणाऱ्यांच्या घरी तर आपली सोपी मराठीसुद्धा शाळेची भाषा असते.

पुढे आम्ही पहिल्या पत्रकाची जाहीर उलटतपासणी केली. बचत गटाच्या बैठकीत ते वाचून दाखवले आणि विचारले, “जलशुष्कता म्हणजे काय हो?” एक बाई म्हणाल्या, “उन्हाळ्यात विहिरी आटतात, ती.” सगळ्या हसल्या, पण उत्तर चूक म्हणायला आम्हाला जागाच नव्हती. त्याच बायकांना विचारले, की मुलाच्या अंगातले पाणी कमी झाले हे तुम्ही कसे ओळखता? तेव्हा पटापट उत्तरे आली : “तोंडाला कोरड पडते.” “डोळे आत जातात.” “टाळू खाली जाते.” “लघवी होत नाही.” “कातडी ओढली तर तशीच राहते.” डॉक्टरांच्या पुस्तकातली जवळजवळ सगळी लक्षणे त्यांना ठाऊक होती. फक्त त्या सगळ्यांचे मूळ एकच, अंगातले पाणी संपणे, एवढा दुवा त्यांच्याकडे नव्हता. टाळू खोल जाणे हा त्यांच्या लेखी स्वतंत्र आजार होता आणि त्याचा उपाय टाळूवर तेल.

म्हणजे कागदाने सांगायची गोष्ट किती लहान होती! ‘टाळू खाली गेली म्हणजे अंगातले पाणी संपत आले. तेल वरून लावा, हरकत नाही. पण पाणी तोंडाने द्या.’ तेल लावण्याची खिल्ली उडवायचे काही कारण नव्हते. ज्या रूढीने अपाय होत नाही तिला हात लावू नये, जिने अपाय होतो तिथेच शक्ती खर्च करावी, हा धडा आम्ही तिथे शिकलो. पाणी तोडणे ही अपायाची रूढी होती.

तिच्यावर उपायही बायकांनीच सुचवला. एकजण म्हणाली, “गळक्या हंड्यात आपण पाणी घालायचं थांबवतो का? गळतंय तोवर वरून भरत राहावं लागतं.” यातून आणखी एक मोठा प्रश्न सुटला. जलसंजीवनीने जुलाब लगेच थांबत नाहीत. थांबतील अशी आशा धरून दोन पेले पाजले आणि जुलाब चालूच राहिले, की ‘गुण नाही’ म्हणून ती सोडून देतात. हंडा भरत राहायचे म्हणजे गळती बंद झालेली नसते, हे त्या उपमेतच येते.

शब्दांच्या बाबतीत आणखी काही खाचखळगे ध्यानात ठेवावेत. ‘रिपोर्ट पॉझिटिव्ह आला’ हे ऐकून चांगली बातमी आहे असे समजणारे लोक आहेत. ‘साखर बंद’ असे वाचून मधुमेहाचे रुग्ण चहात गूळ घालू लागतात, आणि उपवासाच्या दिवशी ‘काही खाल्लं नाही’ म्हणत साबुदाण्याची खिचडी खातात. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट, हे कागदाने सांगितलेले नसते. कारण तो कागद इंग्रजीतून उतरवलेला असतो आणि त्यात ब्रेडच्या कापांचा हिशेब असतो. भाकरी, भात, भगर यांचा नसतो. भाषांतर केवळ शब्दांचे करून भागत नाही; स्वयंपाकघराचेही करावे लागते. काही शब्द तर माणसाला जखम करतात. ‘महारोगी’ हा शब्द छापलेला कागद कोण हातात धरील? ‘अंगावर फिकट, बधिर चट्टा असेल तर दाखवून घ्या, औषधाने पूर्ण बरा होतो,’ एवढे पुरते.

चित्र म्हणजे सर्वांना कळणारी भाषा?

वाचता येत नसेल तर चित्र काढा, असे आपण सहज म्हणतो. पण चित्र वाचणे हीसुद्धा शिकण्याची गोष्ट आहे. १९७६ साली नेपाळमधील खेड्यांत चित्रे दाखवून एक अभ्यास झाला. ज्यांना पुस्तकांची, चित्रांची सवय नव्हती अशा लोकांना रेषांनी सूचित केलेली, अति-साधी चित्रे ओळखणे अवघड गेले. मागची गर्दी काढून टाकलेली छायाचित्रे त्या मानाने सोपी गेली. शिवाय चित्रातून आपल्याला काही उपदेश केला जात आहे, अशी अपेक्षाच पुष्कळांची नव्हती. त्यांना चित्रात माणूस दिसे, भांडे दिसे. ‘असे करा’ हे दिसत नसे.

आम्हीही पडताळा घेतला. पहिल्या पत्रकावर आम्ही एक भलीमोठी माशी काढली होती. एका आजोबांनी ती पाहून सांगितले, “एवढ्या माश्या आमच्याकडं नाहीत.” उघड्यावरच्या अन्नावर आम्ही लाल फुली मारली होती. शाळेतल्या मुलांना फुली म्हणजे ‘चूक’ हे ठाऊक. पण शाळा न पाहिलेल्या बायकांना ती नुसती नक्षी वाटली. चमचा धरलेला एक हात होता, “बाकीची बाई कुठे गेली?” असे एकीने विचारले. पातेल्यापासून पेल्यापर्यंत क्रमाने चार चित्रे होती; ती काहींनी वरून खाली पाहिली, काहींनी उलटी. उर्दू वाचणारी व्यक्ती ती उजवीकडूनच पाहणार हे आमच्या डोक्यातच आले नव्हते.

तेव्हा चित्राला चार साध्या कसोट्या लावाव्यात. माणूस पूर्ण दिसावा. वस्तू आपल्या नेहमीच्या आकारात आणि आपल्या घरातलीच असावी. एका चित्रात एकच गोष्ट असावी. आणि नको ती कृती दाखवून फुली मारण्यापेक्षा हवी ती कृती दाखवावी.

कधीकधी तर चित्रही नको, वस्तूच हवी. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने मुलांमधील न्यूमोनिया ओळखण्यासाठी दायांना एक साधन दिले. मिनिटाला श्वास किती ते मोजणे ही खूण. पण मोठे आकडे मोजण्याची सवय नसलेल्या दाईने ते कसे करावे? त्या साधनात एक मिनिटाचे वाळूचे घड्याळ आणि मणी होते. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपण्याआधी लाल मण्याची पाळी आली तर श्वास जास्त आहे. इथे आकडाच गळून गेला आणि निदान मात्र राहिले.

एक लिटर म्हणजे किती?

आता मापाकडे वळू. ‘एक लिटर पाण्यात एक पुडी’ हे वाक्य निर्दोष आहे. पण घरात लिटर असतो कुठे? तांब्या असतो, पेला असतो, पातेले असते. आम्ही पाच घरांतून तांबे मागवून मोजले. कोणतेही दोन सारखे भरले नाहीत. काहीजणी पुडीतली थोडी पूड एका पेल्यात घालतात आणि बाकीची ‘उद्यासाठी’ ठेवतात. मग प्रमाण हरवते. बाजारात लहान पुड्याही मिळतात, त्या एका पेल्यासाठी, म्हणजे २०० मिलिलिटरसाठी असतात. दोन्हींची गल्लत झाली तर द्रावण पाचपट दाट किंवा पातळ होईल.

चमच्याचेही तसेच. घरगुती द्रावणाची कृती सांगते : एक लिटर पाणी, सहा सपाट चमचे साखर, अर्धा सपाट चमचा मीठ. हा चमचा पाच मिलिलिटरचा, चहाचा. मराठी घरात ‘चमचा’ म्हटले की पोह्यांचा चमचाही पुढे येतो, तो मोठा. ‘सपाट’ हा शब्द विसरला तर शिगोशीग भरतो. म्हणून शक्यतो तयार पुडीच वापरावी, आणि माप शब्दांत न सांगता वस्तूत सांगावे. एक लिटरची पाण्याची बाटली आता खेड्यांतही मिळते. ती भरून घरातल्या पातेल्यात ओतावी आणि पाणी आले तिथे खूण करावी. आमच्या मुलांनी हे काम घरोघर जाऊन केले, आणि पत्रकापेक्षा त्या खुणांचाच उपयोग अधिक झाला.

दुसरा कागद

हे सगळे झाल्यावर पत्रक पुन्हा लिहिले. डॉक्टर मित्राने प्रत्येक ओळ तपासली. सोपे करताना चूक शिरता कामा नये. अक्षरे मोठी घेतली, जोडाक्षरे शक्य तिथे टाळली, दोन ओळींत मोकळी जागा सोडली आणि एका वाक्यात एकच काम सांगितले. ते असे झाले :

हगवण लागली? बाळाला पाणी पाजत राहा.

हंडा गळतो तेव्हा आपण वरून भरत राहतो. बाळाचेही तसेच. पाण्याने जुलाब वाढत नाहीत. पाणी तोडले तर बाळ सुकते.

१. खूण केलेल्या पातेल्यात प्यायचे स्वच्छ पाणी घ्या. मोठी पुडी सगळी त्यात घाला. ढवळा.
२. दर जुलाबानंतर पाजा. दोन वर्षांच्या आतल्या बाळाला पाव ते अर्धा पेला. मोठ्या मुलाला अर्धा ते एक पेला.
३. उलटी झाली तर दहा मिनिटे थांबा. मग चमच्या-चमच्याने पुन्हा पाजा.
४. अंगावरचे दूध चालू ठेवा. खाणारे मूल असेल तर भात, खिचडी चालू ठेवा.
५. उरलेले पाणी दुसऱ्या दिवशी टाकून द्या. नवे करा.
६. आशाताईंकडून झिंकच्या गोळ्या घ्या. जुलाब थांबले तरी चौदा दिवस पूर्ण द्या.

लगेच दवाखान्यात न्या : बाळ पीत नाही, गुंगीत आहे, डोळे किंवा टाळू खोल गेली आहे, लघवी बंद आहे, शौचात रक्त आहे, उलट्या थांबत नाहीत.

आजीबाई, हे घरात सगळ्यांना सांगा.

शेवटची ओळ मुद्दाम घातली. बांगलादेशात पुरुषांना वगळले तेव्हा काम अडले. आमच्या गावात बाळाचे खाणे-पिणे आजी ठरवते. तिला वगळून सुनेच्या हाती कागद देणे म्हणजे सुनेला अडचणीत टाकणे होते. पहिल्या पत्रकात ‘मातांनी’ असे आरंभी छापून आम्ही नेमके तेच केले होते.

“समजलं का?” असे विचारू नका

कागद छापण्याआधी तो तपासायचा कसा? ‘समजलं का?’ असे विचारले तर उत्तर नेहमी ‘हो’ असते. समोरचा माणूस आपला मान राखतो. म्हणून प्रश्न फिरवून विचारावा : “मावशी, तुमची लेक पुण्याला आहे, तिच्या बाळाला जुलाब झाले तर तिला फोनवर काय सांगाल?” त्या आपल्या शब्दांत सांगू लागल्या, की कागदातली भोके दिसू लागतात. आम्हाला असे कळले, की ‘उकळून थंड केलेल्या पाण्यात पुडी घाला’ हे वाक्य ऐकून दोघींनी पुडी घालून मग पाणी उकळायचे असे सांगितले. वाक्यच बदलावे लागले. इथे परीक्षा कागदाची आहे, माणसाची नाही, हे त्यांना आधीच सांगायला हवे. म्हणजे त्या मोकळेपणाने चुका दाखवतात.

अशी तपासणी दहा-बारा जणांबरोबर केली तरी बहुतेक मोठे दोष बाहेर येतात. तिला पैसे लागत नाहीत. दोन दुपारी लागतात.

वर्गात करून पाहण्याजोगे

हे काम आठवी-नववीच्या मुलांना उत्तम जमते. भाषा, विज्ञान आणि गणित तिन्ही त्यात येतात.

१. दवाखान्यातून कोणतेही एक आरोग्यपत्रक आणा. घरी आजीला किंवा शेजाऱ्यांना वाचून दाखवा. ज्या शब्दावर त्या थांबतील, त्यावर खूण करा आणि त्याला त्या घरात काय म्हणतात ते लिहा. वर्गाचा मिळून एक शब्दकोश होईल.
२. घरातले तांबे, पेले, चमचे आणून मोजपात्राने मोजा. सर्वांत लहान व सर्वांत मोठ्या चमच्याने अर्धा चमचा मीठ घेतल्यास किती फरक पडतो ते काढा.
३. पत्रकातील चित्रे मजकूर झाकून पाच जणांना दाखवा. ‘यात काय दिसतं?’ एवढेच विचारा आणि उत्तर जसेच्या तसे लिहून घ्या.
४. त्या पत्रकाचा नवा मसुदा करा, डॉक्टरांना किंवा परिचारिकेला दाखवा आणि पुन्हा त्याच पाच जणांकडे न्या.

दुसऱ्या पावसाळ्यात आम्ही त्या मुलीच्या घरी पुन्हा गेलो. धाकट्याला मधे जुलाब झाले होते. “मग काय केलंत?” असे विचारले. आजींनी फडताळातले पातेले काढून दाखवले. आत खिळ्याने ओढलेली रेघ होती. “इथपर्यंत पाणी आणि एक पुडी,” त्या म्हणाल्या. “तेल पण भरलं मी टाळूवर. पण पाणी नाही तोडलं.”